थंडीत गोठलेलं तेल

आमच्या घरात हात आधी चालायचा, तोंड मागून. कुणी कुणाला का मारलं हे विचारायची पद्धतच नव्हती. मारणाऱ्यालाही कारण पुष्कळदा नंतर सुचायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी मेंढरं राखली होती. कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली, रानात ऊस उभा राहिला, पण हातातली काठी काही सुटली नाही. तीच काठी कुत्र्याला, तीच बैलाला, तीच आम्हा भावंडांना. मेंढरांना मात्र त्यांनी कधी लागेल असं मारलं नव्हतं, असं माझी आई सांगायची. आई मी लहान असतानाच गेली. तिच्या सांगण्यातलं एवढंच माझ्या पक्कं लक्षात आहे.

दादा माझा थोरला भाऊ. त्याला वरून जेवढं मिळालं तेवढं त्यानं खाली वाटलं. आधी मला, मग बैलांना, लग्न झाल्यावर वहिनीला. मीही काही गरीब गाय नव्हते. मला काटेवाडीकडच्या एका घरात दिली होती. नवरा मारायचा. सासरी मार खाल्ला की बाईनं रडायचं असतं, मी मुसळ उचललं. त्याचा खांदा निखळला आणि पाठोपाठ लग्नही निखळलं. सासरची माणसं मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून निमगाव केतकीला आणून सोडून गेली. जाताना आबांना म्हणाली, "तुमची वाघीण तुमच्यापाशीच बांधा." आबांनी मला दोन ठेवून दिल्या आणि मग जेवायला वाढायला सांगितलं. सासरच्या आणि माहेरच्या मारात फरक एवढाच होता, की माहेरी मी उलटा हात टाकला तरी मला कुणी हाकलून देत नव्हतं.

आमची वस्ती गावाबाहेर, इंदापूरच्या वाटेला. नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरत आलं होतं. मी पुढं बरीच वर्षं गुलाबाच्या तेलात घालवणार होते, निदान तसं मला वाटत होतं. पण गुलाबाच्या आधी दुधाची गोष्ट सांगायला हवी. माझं नाक खरं तर त्या दुधापायीच फुटलं.

दादा तेव्हा म्हशी पाळायचा आणि गावातल्या डेअरीला दूध घालायचा. एका उन्हाळ्यात म्हशी आटत आल्या तसा तो दुधात पाणी घालू लागला. सगळेच घालतात म्हणाला. एका सकाळी डेअरीवाल्यानं त्याच्या दुधात काचेची नळी सोडली, ती नको तेवढी बुडाली, आणि रांगेतली माणसं हसली. आबा तिथंच लिंबाखालच्या पारावर बसले होते. ते उठले, शांतपणे चालत आले, दादाच्या किटलीचं झाकण काढलं आणि त्याच्या तोंडावर मारलं. भुवई फुटली. रक्त किटलीत पडलं. आबा डेअरीवाल्याला म्हणाले, "आता ह्येचं बी माप धर."

घरी येऊन दादानं म्हशीला बडवलं, मग वहिनीला, आणि मी मधे पडले म्हणून मला. आठवड्यातच त्यानं म्हशी विकून टाकल्या. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आमचा दादा पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला. चहा जरा पातळ झाला की कप वहिनीच्या अंगावर यायचा. तिखटात मीठ मिसळलंय, तांदळात खडे मिसळलेत, सिमेंटात राख मिसळलीय, त्याला सगळीकडं भेसळच दिसायची. गाव त्याला मागून "पाणीवाला" म्हणायचं. पुढून म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्यानंतर त्यानं गुलाब लावला. सगळं गाव उसात असताना या गड्यानं विहिरीजवळच्या तुकड्यात गावठी गुलाब लावला, तो पातळ पाकळीचा, गुलाबी, दुपारपर्यंत माना टाकणारा. लोकांनी टिंगल केली. म्हणाले, पाणीवाला आता फुलवाला झाला. आबांनी मात्र काही बोलायच्या ऐवजी छाटणीनंतर एका भावकीतल्या माणसाचा कळप आणून त्या रानात चार रात्री मेंढरं बसवली. मेंढरांच्या लेंडीखतासारखं खत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या थंडीत झाडं अशी फुलली की तोडणारे हात कमी पडले. गावठी गुलाबाचा काटा बारीक आणि दाट असतो. हंगाम संपेतो माझ्या दोन्ही हातांवर मांजराशी झुंज झाल्यासारखे ओरखडे असायचे.

आधी आम्ही हाराला फुलं विकली. मग बारामतीच्या जुन्या पेठेतल्या एका अत्तरवाल्यानं दादाला सांगितलं, फुलं काय विकतोस, गुलाबपाणी काढ, मी घेतो. हे अत्तरवाले वयानं आबांएवढे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनीच एक जुनी तांब्याची डेग मिळवून दिली. डेग म्हणजे मोठ्या पोटाचं भांडं. त्यात फुलं आणि पाणी भरायचं, वर झाकण ठेवून कडा कणकेनं लिंपायची, खाली बाभळीचा जाळ. झाकणातून निघालेल्या नळीतून वाफ बाजूच्या हौदात बुडवलेल्या भांड्यात उतरते आणि तिथं तिचं पाणी होतं. त्या भांड्याला भपका म्हणतात.

हे काम माझ्याकडं आलं ते दुसरं कुणी नव्हतं म्हणून. दादा रानात, वहिनी चुलीशी, आबांचे गुडघे गेलेले. पण काम हातात आलं आणि मला कळलं की देवानं मला एक गोष्ट दिलीय, ती म्हणजे नाक. रागीट बाईच्या नाकावर राग असतो म्हणतात. माझ्या नाकावर तोही होता आणि बाकी सगळंही. जाळ जरा जास्त झाला की डेगीच्या तळाशी फूल लागतं. ते इतरांना गुलाबपाणी हातात आल्यावर कळायचं, मला नळीच्या तोंडाशी कळायचं. कणीक कुठं तडकलीय ते मी डोळे मिटून सांगायची. उसाला पाणी दिलेल्या रात्रीनंतरचा गुलाब आणि कोरड्या रात्रीनंतरचा गुलाब यांच्या वासात फरक असतो, हे मी चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

गुलाबपाण्याचे कॅन घेऊन मी एस.टी.नं बारामतीला जायची. चाचांचं दुकान एवढंसं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहावं. मागच्या खोलीत ते सेंट जोडत. चंदन, खस, मोगरा, आणि त्यात गुलाबाचा एखादा थेंब. नुसत्या चंदनाला पाय असतात, तोंड नसतं, गुलाबानं त्याला तोंड येतं, असं ते सांगायचे. काडीला कापूस गुंडाळून ते माझ्या हाती द्यायचे आणि विचारायचे काय काय आहे. लगेच बोलू द्यायचे नाहीत. "पहिला वास दारातला पाहुणा, बेटी. बसू दे त्याला. मग कळतो कोण ते." नाक थकलं की स्वतःच्या पदराचा वास घ्यायला सांगायचे. मी चुकले तर हसायचे. त्या दुकानात कुणी कुणावर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. मी पहिल्यांदा अत्तराची कुपी पाडली आणि फोडली तेव्हा सवयीनं डोकं दोन्ही हातांत धरून खाली बसले. चाचा उठले. फडक्यानं जमीन पुसली आणि ते फडकं माझ्या पिशवीत टाकलं, म्हणाले, घरी कपड्यांत ठेव.

तिसऱ्या हंगामाच्या तोंडाशी त्यांनी मला विचारलं, शिमग्यानंतर दुकानात येऊन बसशील का. त्यांचे डोळे अधू झाले होते आणि नाकही म्हातारं झालं होतं. "हात पुष्कळ मिळतात," ते म्हणाले, "नाक मिळत नाही." त्यांची विधवा बहीण वरच्या मजल्यावर राहायची, तिच्याकडं माझी सोय होणार होती. मला ते इतकं हवं होतं, की मी लगेच हो म्हणाले नाही. म्हटलं तर मोडेल अशी भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला माझ्या अंगातल्या एका चांगल्या गोष्टीसाठी बोलावलं होतं.

घरी मी दादाला सांगितलं. वाटलं होतं भांडण होईल. पण तो म्हणाला, "जा की. पर आधी ह्या सालचं तेल काढून दे. नुसतं पाणी न्हाय, तेल. चाचाला माझं तेल पसंत पडलं की तू सुटलीस." तोवर आम्ही नुसतं गुलाबपाणीच काढलं होतं. निखळ तेल आमच्यापैकी कुणीही कधी पाहिलं नव्हतं. चाचांकडं होतं ते चंदनात मुरलेलं.

तेल काढणं म्हणजे जिवाला घोर. एकदा काढलेलं गुलाबपाणी पुन्हा डेगीत घालून पुन्हा काढायचं, ते परातीत ओतून वर पातळ फडकं बांधून ठेवायचं, मग त्यावर तेलाची तवंगासारखी साय येते ती कोंबडीच्या पिसानं उचलायची. पोतंभर फुलांतून बोटाच्या पेरावर मावेल एवढं. ते मी एका काचेच्या कुपीत जमवत होते. कुपी चुलीमागच्या कोनाड्यात असायची, उबेला. पिवळसर, पातळ, हलवलं की काचेवरून घसरणारं तेल. दिवसातून कितीदा तरी मी ते बूच काढून नाकाशी धरायची आणि मला बारामतीची ती मागची खोली दिसायची.

वहिनीला तेव्हा दिवस गेले होते. तिला कुठलाच वास सोसत नव्हता, गुलाबाचा तर मुळीच नाही. संक्रांत होऊन गेली तरी त्या वर्षी थंडी हटली नव्हती. चुलीपाशी बसलं की पोटात ढवळतं म्हणून तिनं एके संध्याकाळी ती कुपी उचलली आणि बाहेरच्या छपरात, डेगीजवळच्या खिडकीत नेऊन ठेवली. त्याच खिडकीत आबांचा चरबीचा डबा होता. मेंढराची चरबी कढवून ठेवायची आणि थंडीत गुडघ्यांना चोळायची, ही आबांची जुनी सवय. आम्हा मेंढरं राखलेल्यांच्या घरात पांढरं आणि घट्ट असं दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

सकाळी दादा नवा शर्ट घालून निघाला. कुपी चाचांकडं न्यायचा तो दिवस होता. मी छपरात डेगीपुढं बसून फुकणीनं जाळ फुंकत होते. त्यानं खिडकीतून कुपी उचलली, उजेडात धरली आणि तिथंच थांबला.

"ह्ये काय हाय?"

मी मान वर केली. कुपीत तेल नव्हतं. पांढरट, घट्ट, सुया सुया जमलेलं काहीतरी होतं. कुपी उलटी केली तरी ते हलत नव्हतं. मला स्वतःला धक्का बसला. पण धक्का बसला की मी गप्प बसणाऱ्यातली नव्हते.

"मला काय ठावं. काल तर चांगलं हुतं."

दादानं कुपी बघितली, शेजारचा उघडा डबा बघितला. त्याच्या चेहऱ्यावर तीच कळा आली जी डेअरीच्या दारात आली होती. "डब्यातली चरबी घातलीस व्हय? लवकर भरावी म्हून? लई घाई झालीया तुला बारामतीची. अन मला परत बाजारात नागवा करायचा?"

"चरबी तुझ्या डोस्क्यात हाय," मी म्हणाले. "ती काढून घालती पुढच्या खेपंला."

त्याच्या डाव्या मुठीत कुपी होती. उजव्या हातानं त्यानं माझ्या पुढ्यातली फुकणी उचलली. लोखंडी फुकणी, टोकाशी अजून तापलेली. पहिला फटका खांद्यावर बसला. मी उठायला गेले आणि दुसरा तोंडावर आला. नाकाच्या मुळाशी काहीतरी कडकन मोडलं, तो आवाज मला बाहेरून नाही, डोक्याच्या आतून ऐकू आला. मग सगळं गरम झालं. मी खाली पडले नाही. डेगीखालचं पेटतं लाकूड ओढलं आणि त्याच्या हातावर मारलं. त्याच्या नव्या शर्टाची बाही जळली, कातडी जळली, तरी त्यानं फुकणी सोडली नाही आणि डावी मूठही उघडली नाही. त्यानं मला केसांना धरून डेगीवर आपटलं. कणीक फुटली, वाफ सुटली. वहिनी दारात उभी राहून ओरडत होती. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला तो हाडाला दात लागेपर्यंत.

आबा गुडघे धरत आले आणि त्यांनी दादाच्या पोटऱ्यांवर काठी घातली. दादा बसला. आम्ही तिघंही धापा टाकत होतो. माझ्या नाकातून रक्ताची धार लागली होती आणि ती विझत्या लाकडावर पडून चर्र आवाज येत होता.

"काय झालं?" आबांनी विचारलं. आमच्या घरात हा प्रश्न असा नेहमी शेवटी यायचा.

"तेलात चरबी घातली हिनं," दादा म्हणाला. "बघा तुमीच." त्यानं डावी मूठ पुढं करून उघडली.

कुपीत तेल होतं. पिवळसर, पातळ, काल होतं तसंच. इतका वेळ त्यानं ती मुठीत आवळून धरली होती आणि त्याच्या रागाच्या उबेनंच ते वितळलं होतं. दादानं ती हलवली. तेल काचेवरून घसरलं. आबांनी कुपी हातात घेतली, डब्यातल्या चरबीवर एकदा बोट दाबलं, मग म्हणाले, "चरबी मुठीत पाघळत न्हाय, भडव्या." आणि काठी पुन्हा उचलली. दादानं हात वर केले नाहीत. आबांनी त्याला दमेपर्यंत मारलं. मला त्यातून काडीचंही बरं वाटलं नाही, आणि ते मला नवीन होतं.

इंदापूरच्या दवाखान्यात माझं नाक सरळ केलं. डॉक्टरनं विचारलं, कसं लागलं. वहिनी म्हणाली, डेगीचं झाकण उडालं. डॉक्टरनं माझ्या केसांकडं बघितलं, खांद्याकडं बघितलं आणि आणखी काही विचारलं नाही. परतीच्या एस.टी.त वहिनीनं मला कानात सांगितलं की कुपी तिनंच बाहेर ठेवली होती. मी म्हटलं, गप बस, हे घरात बोलू नको. एवढं मला नक्की ठाऊक होतं, की आता ती मार खायच्या अवस्थेत नव्हती.

नाकाची सूज उतरली तेव्हा मी चुलीपुढं भाकरी थापत होते. वहिनी आतून धावत आली आणि तिनं तव्यावरची भाकरी खाली फेकली. ती जळून काळी झाली होती. धूर माझ्या डोळ्यांत जात होता. "वास येईना व्हय तुला?" ती म्हणाली. मी भाकरी उचलून नाकाला लावली. ओठ भाजला. वास आला नाही. मी उठून छपरात गेले, डेगीतली शिजलेली फुलं ओंजळीत घेतली आणि तोंड त्यात खुपसलं. गरम होतं, ओलं होतं. बस, एवढंच होतं.

चाचांना मी सांगायचं नाही असं ठरवून गेले. त्यांना आधीच तेल पोचलं होतं. त्यांनी मोठ्या खुशीत ती कुपी माठातल्या पाण्यात बुडवली आणि काही वेळानं बाहेर काढून दाखवली. पांढरी, गोठलेली. "थंडीत जमतं म्हणून तर अस्सल, बेटी. हेच बघायचं असतं. नाही जमलं की समजायचं, गडबड आहे." त्यांनी माझ्या नाकावरची खूण बघितली. मग नेहमीसारखी काडीला कापूस लावून दिली. मी पहिला पाहुणा बसू दिला, तशी थांबले, आणि म्हणाले, "चंदन. खाली खस." त्यांनी दुसरी दिली. मी म्हणाले, "गुलाब." तिसरी दिली, तिलाही मी काहीतरी म्हणाले. तिसरी कोरडी होती. त्यांनी माझ्या हातातून काड्या काढून घेतल्या, सगळ्या कुप्यांची बुचं एकेक करून लावली. शेवटी म्हणाले, "परत येतं कधी कधी. आलं की ये." मी आजही त्यांना दोष देत नाही. आंधळ्याला कोण राखणीला ठेवतो?

माझ्या नाकाचं काय झालं ते दादाला ठाऊक नव्हतं. तेल खरं निघालं, चाचांनी आणखी मागितलं, एवढंच त्याला कळलं होतं. माफी मागायची रीत आमच्यात नाही. पण त्या दिवसापासून तो माझ्या अंगावर ओरडला नाही. फुकणी त्यानं विहिरीत टाकली. नवं तेल निघालं की कुपी घेऊन तो माझ्यापुढं येऊन उभा राहायचा, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. "बघ बाय, कसं हाय." मी कुपी नाकाशी धरायची, थांबायची आणि म्हणायची, चांगलं हाय. त्याचा जळका हात मला दिसायचा. त्याला सांगावं असं रोज वाटायचं, कारण सांगितलं असतं तर ते फुकणीपेक्षा जोरात लागलं असतं. आणि सांगू नये असंही वाटायचं, त्याच कारणानं.

शिमगा झाला. एका सकाळी मी डेग भरून, झाकण लिंपून जाळ लावला होता. दादा छपरात आला. त्याच्या हातात माझी पिशवी होती, वहिनीकडून भरून घेतलेली. वर नवीन पातळ होतं, घडी न मोडलेलं. म्हणाला, "चल. एस.टी. पर्यंत सोडतो. सबुद दिला हुता."

मी पिशवीकडं बघितलं. सगळा हंगाम मी ज्या दिवसाची वाट बघितली तो असा दारात येऊन उभा होता, आणि त्याला घरात घ्यायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं.

"मला वास येत न्हाय, दादा," मी म्हणाले. "त्या दिसापासनं."

त्याला पटलं नाही. तो आत गेला आणि ठेचलेला लसूण घेऊन आला. माझ्या नाकाखाली धरला. मी मान हलवली. मग हिंग आणला. मग रॉकेलचा बोळा. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. मग तो धावत रानात गेला आणि मूठभर ताजे गुलाब देठा-काट्यांसकट ओरबाडून घेऊन आला, हाताला रक्त लागलं होतं, आणि ते त्यानं माझ्या तोंडावर दाबून धरले. "ह्यो घे," तो म्हणत होता, "ह्यो तर घे."

मी त्याचा हात खाली केला. कधी नव्हे ते हळू.

त्यानं कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. क्षणभर मला वाटलं माझ्यासाठीच. पण तो डेगीकडं वळला. जाळावरच्या, भरलेल्या, उकळत्या डेगीवर त्यानं पहिला घाव घातला तेव्हा तांबं नुसतं वाकलं. दुसऱ्या घावाला फाटलं. उकळतं पाणी आणि फुलं त्याच्या पायांवर आली. तो ओरडत होता, पण पाय काढत नव्हता. घालतच होता घाव, झाकणावर, नळीवर, भपक्यावर. "दादा, थांब," मी ओरडले. ती डेग माझी होती. वास गेला तरी तिचा आवाज मला कळत होता, जाळ कळत होता, हातांना सगळं येत होतं; त्यावर मी अजून जगू शकले असते. माझं नाक त्यानं रागानं फोडलं होतं, आता डेग तो दुःखानं फोडत होता. दोन्ही वेळा हात त्याचा आणि नुकसान माझं. आमच्या घरात माया करायची तरी काहीतरी फोडूनच करायची.

आबा दारात काठी टेकून उभे होते. त्यांनी ती उचलली नाही. शेवटी मीच त्याला कमरेला धरून मागं ओढलं आणि आम्ही दोघं चिखलात पडलो. त्याच्या पायांची सालटी निघाली होती. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होता आणि मी त्याच्या पायांवर हौदातलं गार पाणी ओंजळीनं सोडत होते. छपरात गुडघाभर वाफ होती. मधमाश्या यायला लागल्या होत्या. आबांनी नाकाला धोतराचा सोगा लावला. वहिनी तोंडाला पदर लावून अंगणाच्या कडेला जाऊन ओकून आली. रस्त्यावरनं जाणारी माणसं थांबून आमच्या वस्तीकडं बघत होती.

"काय दरवळ सुटलाय," वहिनी धापा टाकत म्हणाली. "पार येशीपातूर गेला असंल वास."

"गेला असंल," मी म्हणाले, आणि दादाच्या पायांवर पाणी सोडत राहिले.